मासे मला विकणारा माणूस

मराठीत शब्द वाक्यात कुठेही ठेवले तरी चालतात, असं आपण सगळेच मानतो. शाळेत कर्ता, कर्म, क्रियापद असा क्रम शिकवतात आणि शाळेबाहेर तो फारसा कोणी पाळत नाही. ठाण्याशेजारच्या कळवा स्टेशनच्या फलाटावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे. 'गेली ना गाडी!' 'डबा राहिला माझा घरीच.' 'ठाण्याला उतरणार का तुम्ही?' 'मला सांगितलं होतं तिने काल.' क्रियापद शेवटी यावं हा नियम चारही वाक्यांत मोडला आहे, आणि चारही वाक्यं अस्सल मराठी आहेत.

जरा बारकाईने पाहू. 'सुनीलने मामीला पिशवी दिली.' चार पदं आहेत, म्हणजे २४ क्रम होतात. ते सगळे मोठ्याने म्हणून पाहावेत. योग्य शब्दावर जोर दिला तर त्यातला एकही कानाला खटकत नाही. 'मामीला दिली पिशवी सुनीलने', 'पिशवी सुनीलने दिली मामीला', अगदी 'दिली सुनीलने मामीला पिशवी' सुद्धा. कोणी, कोणाला, काय दिलं हे कशातच बदलत नाही. 'ने' आणि 'ला' शब्दाला चिकटूनच जातात, आणि 'दिली' हे रूप पिशवीशी जुळलेलं राहतं. पिशवी वाक्याच्या कोणत्याही टोकाला नेली तरी क्रियापद तिचंच ऐकतं. तिच्याऐवजी डबा दिला तरच ते 'दिला' होतं. सगळे क्रम एकाच वेळी शोभतात असं मात्र नाही. पिशवीची गोष्ट आधीच चालू असेल तर 'पिशवी' पुढे येते. ज्या माहितीवर भर असतो ती क्रियापदाला खेटून बसते, म्हणून 'पिशवी मामीला कोणी दिली?' हा प्रश्न सहज तोंडात येतो. ही निवड बोलणाऱ्याची असते.

आपल्या जुन्या व्याकरणपरंपरेला हे चांगलं ठाऊक होतं. भांडं आणायला सांगताना क्रियापद आधी म्हणावं की भांडं आधी म्हणावं, हा बोलणाऱ्याच्या इच्छेचा भाग आहे, असं पतंजलीने महाभाष्यात दाखवलं, त्याला दोन हजारांहून अधिक वर्षं झाली. पाणिनीनेही शब्दक्रमापेक्षा कारकांना, म्हणजे क्रियेशी असलेल्या नात्यांना, महत्त्व दिलं. श्लोक शिकवणारे शिक्षक म्हणूनच अन्वय लावून घेत. कवीने वृत्तासाठी विखुरलेली पदं उचलून गद्याच्या क्रमात मांडायची, कोणतं विशेषण कोणत्या नामाचं ते जुळवायचं. अन्वय लावणाऱ्याच्या मनात एक गृहीतक पक्कं असतं: शब्द ऐकू येतो एका जागी आणि त्याचा अर्थ लागतो दुसऱ्या जागी. ज्याला आज वाक्यरचनाशास्त्रात पदाचं स्थानांतर म्हणतात, त्याचं बीज इतकंच आहे.

नोम चॉम्स्कीच्या १९५७ सालच्या 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' या छोट्या पुस्तकापासून या कल्पनेला नियमांचं रूप आलं. इंग्रजीत ती सहज पटते. तिथे कर्माची जागा क्रियापदानंतरची. प्रश्न विचारताना 'व्हॉट' वाक्याच्या तोंडाशी जातो आणि क्रियापदानंतरची जागा रिकामी दिसते. शब्द इथून उठून तिथे गेला, हे डोळ्यांना दिसतं. मराठीत ही सोय नाही. पिशवी चारही जागी बसू शकत असेल, तर तिची मूळ जागा कोणती आणि ती हलली म्हणायचं कशावरून? १९६७ साली जॉन रॉस यांनी एमआयटीमध्ये सादर केलेल्या प्रबंधात अशा मोकळ्या क्रमाला 'स्क्रॅम्बलिंग' असं नाव दिलं आणि तो शैलीचा भाग समजून व्याकरणाच्या गाभ्याबाहेर ठेवला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी भाषेवर काम करणाऱ्या केन हेल यांनी १९८३ साली असं सुचवलं की काही भाषांच्या वाक्याला इंग्रजीसारखी थरांची उतरंडच नसावी. तसं असेल तर स्थानांतराचा सिद्धांत आपल्या भाषांना लागू नाही आणि विषय तिथेच संपतो.

पण तो संपत नाही. त्याचं कारण रॉस यांच्या त्याच प्रबंधात आहे. शब्द कुठे जातात यापेक्षा ते कुठून निघूच शकत नाहीत, याचा शोध त्यांनी घेतला. वाक्याचे काही भाग असे असतात की आतलं पद बाहेर पडत नाही. त्यांना रॉस यांनी बेटं म्हटलं. माझ्या मते या साऱ्या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. शब्द कुठेही फिरतो यावरून तो हलला हे सिद्ध होत नाही. तो एका ठिकाणी अडतो, यावरून तो हलत होता हे कळतं. आणि मराठीसारख्या मोकळ्या क्रमाच्या भाषेत ही अडवणूक जास्त ठळक दिसते, कारण तिथे बाकी सगळीकडे परवानगी असते.

कळव्याच्या बाजारातलं एक वाक्य घेऊ. 'मला मासे विकणारा माणूस भेटला.' याचे दोन अर्थ होतात. एक, मासे विकणारा कोणी माणूस मला भेटला. दोन, जो मला मासे विकतो तो माणूस भेटला. पहिल्या अर्थात 'मला' हे 'भेटला'चं, दुसऱ्यात ते 'विकणारा'चं. दोन्ही अर्थ अगदी सहज लागतात. आता फक्त दोन शब्दांची अदलाबदल करा: 'मासे मला विकणारा माणूस भेटला.' पहिला अर्थ गेला! हा माणूस आता मलाच मासे विकतो; दुसऱ्या कोणाला विकणाऱ्याची मला भेट झाली, असं या वाक्यातून कोणालाही काढता येणार नाही.

कशामुळे गेला? 'मासे' हे पद 'विकणारा'च्या ताब्यातलं. 'मला' भेटण्याशी बांधलेलं असेल तर ते 'मासे विकणारा माणूस' या गटाच्या बाहेर उभं आहे. 'मासे' त्याच्याही पुढे यायला हवं असेल, तर त्याला गटाची भिंत ओलांडून बाहेर पडावं लागेल, आणि तेवढं त्याला जमत नाही. उलट 'मला' आतलंच असेल, तर दोघांची अदलाबदल घरातल्या घरात होते आणि कोणाची हरकत नसते. दोन शब्द जागा बदलतात आणि त्यातून वाक्याच्या पोटात भिंत कुठे आहे हे कळतं. ती भिंत कानाला ऐकू येत नाही आणि लिहिताना तिच्यासाठी विरामचिन्हही नाही.

यावर एक शंका रास्त आहे. कदाचित भिंत वगैरे काही नसेल. 'मला' 'विकणारा'च्या शेजारी आला म्हणून ऐकणाऱ्याने जवळचं नातं जोडलं, एवढंच असेल. मग असं क्रियापद घेऊ ज्याला 'मला' चालतच नाही. 'मला रिक्षा चालवणारा माणूस भेटला' हे ठीक आहे. 'रिक्षा मला चालवणारा माणूस भेटला' हे वाक्यच उरत नाही. जवळचं नातं जुळत नसल्यावर ऐकणाऱ्याने लांबचं जोडून घ्यायला हवं होतं. अर्थ काय असणार हे समोर दिसत असतानाही मन ते जोडायला तयार होत नाही. म्हणजे अडचण समजुतीची नाही, रचनेची आहे.

दुसरी शंका अशी की मराठी शब्द आपल्या क्रियापदापासून लांब जाऊच शकत नसतील. तेही खरं नाही. 'मासे तो रोज विकायला जातो' म्हणा. 'मासे' हे 'जातो'चं कर्म असू शकत नाही, ते 'विकायला'चंच आहे. तरी ते 'तो' आणि 'रोज' या दोघांना ओलांडून वाक्याच्या तोंडाशी येऊन बसलं आणि कोणाला खटकलं नाही. 'विकायला'च्या गटातून बाहेर पडता येतं, 'विकणारा'च्या गटातून येत नाही. याहून लांब जायचं तर 'ती पिशवी मला वाटतं मामीने नेली' हे वाक्य पाहा. 'नेली' पिशवीशी जुळलं आहे आणि पिशवी एका आख्ख्या 'मला वाटतं'च्या पलीकडे बसली आहे. कोणी म्हणेल की 'मला वाटतं' हे नुसतं मध्ये टाकलेलं पालुपद आहे. मग 'ती पिशवी आई म्हणाली की मामीने नेली' घ्या. 'की' आल्यावर पालुपद म्हणता येत नाही. लांबी हा अडथळा नाही. नामाला चिकटलेलं वर्णनवाक्य हा अडथळा आहे, आणि रॉस यांनी इंग्रजीत दाखवलेल्या बेटांमध्ये हे एक प्रमुख बेट आहे. भाषा वेगळी आणि क्रमाची शिस्त उलटी असूनही भिंत त्याच जागी आहे.

'जो-तो'च्या वाक्यांतही तिचा माग काढता येतो. 'जो माणूस मासे विकतो तो कळव्यात राहतो' यात 'मासे' उचलून अगदी पुढे आणा: 'मासे जो माणूस विकतो तो कळव्यात राहतो.' चाललं. इथे बेट मोडलं असं वाटेल, पण मोडलेलं नाही. 'जो'चं वाक्य आधीच पुढे उभं आहे आणि 'मासे' त्याच्याच हद्दीत सरकले. मराठीत 'जो' वाक्याच्या अगदी तोंडाशी असायलाच हवा असं नाही. तेच वाक्य नामाच्या मागे लावा: 'तो माणूस, जो मासे विकतो, कळव्यात राहतो.' आता 'मासे तो माणूस, जो विकतो, कळव्यात राहतो' असं कोणीही म्हणणार नाही. या 'जो-तो' वाक्यांवर काशी वाली यांनी १९८० च्या आसपास मराठीच्या आणि राजेश भट्ट यांनी २००३ साली हिंदीच्या आधाराने बारकाईने लिहिलं आहे. 'जो'चं वाक्य मुळात 'तो'ला चिकटून असतं आणि मग पुढे येतं, असं भट्ट यांचं म्हणणं. पण 'ज्या बाईने ज्या मुलाला पाहिलं, त्या बाईने त्या मुलाला ओळखलं' अशी दुहेरी वाक्यं मराठीत सर्रास होतात. एकच वाक्य दोन ठिकाणी चिकटून कसं असेल? तिथे त्यांनाही वेगळी व्यवस्था मानावी लागली.

प्रश्नवाचक शब्दांकडे वळलं की विषय आणखी खोल जातो. मराठीत ते उठून पुढे जात नाहीत. 'कोणते मासे विकणारा माणूस तुला भेटला?' हा प्रश्न अगदी सरळ आहे, उत्तर 'बोंबील' किंवा 'मांदेली'. प्रश्नाचा शब्द बेटाच्या आत बसून आहे आणि प्रश्न मात्र सबंध वाक्याचा झाला. शब्द हललाच नाही म्हणून भिंतीचा प्रश्न आला नाही, असं म्हणून सुटता येईल. पण आता आत 'का' घाला: 'का मासे विकणारा माणूस तुला भेटला?' याला 'त्याची नोकरी गेली म्हणून' असं उत्तर देता येत नाही. भेट का झाली, एवढंच हा प्रश्न विचारू शकतो. तो मासे का विकतो हे विचारू शकत नाही. 'तो का मासे विकतो?' असं सुटं विचारलं की तेच उत्तर चालतं. म्हणजे वस्तू विचारणारा शब्द बेटाच्या आतून प्रश्न करू शकतो, कारण विचारणारा करू शकत नाही. हीच विषमता जेम्स हुआंग यांनी १९८२ साली चिनी भाषेत दाखवली. चिनीतही प्रश्नाचे शब्द जागचे हलत नाहीत. त्यावरून त्यांनी धाडसी निष्कर्ष काढला: न हललेला शब्दही अर्थ लागताना मनात हलतो, आणि त्या मूक हालचालीलाही मर्यादा असतात. हा निष्कर्ष सगळ्यांना मान्य नाही. 'का'चं वागणं पाहिल्यावर तो सहज झटकताही येत नाही.

इथे 'काय'चा एक स्वभाव नोंदवायला हवा. 'तू काय आणलंस?' यात वस्तू विचारली. 'तू आणलंस काय?' यात आणलं की नाही एवढंच विचारलं. क्रियापदाच्या पलीकडे गेल्याबरोबर 'काय'ने वस्तू सोडली. मध्ये 'तरी' घातला, 'तू आणलंस तरी काय?', की प्रश्न पुन्हा वस्तूचा. जागा कुठेही चालते म्हणणाऱ्यांनी या तीन वाक्यांचा हिशेब द्यावा.

आता एकात एक वाक्यं. 'मामीने काय आणलं असं तुला वाटतं?' उत्तर: बोंबील. आतलं वाक्य 'वाटतं'च्या आधी आहे आणि प्रश्न सहज बाहेर पोहोचला. तेच वाक्य 'की' लावून मागे टाका: 'तुला वाटतं की मामीने काय आणलं?' जीभ अडखळते. त्याऐवजी आपण काय म्हणतो? 'तुला काय वाटतं, मामीने काय आणलं?' दोन 'काय', पण उत्तर एकच, बोंबील. पहिल्या 'काय'ला स्वतःचं उत्तर मिळालं नाही. हिंदीत हेच 'क्या' लावून होतं. जर्मन आणि हंगेरियनमध्येही याची भावंडं आहेत. एक मत असं की वरचा 'काय' हा गाडीत सीटवर टाकलेला रुमाल आहे. खरा प्रवासी खालचा, अर्थ लागताना तो वर येतो आणि रुमालाची जागा घेतो. विनीता दयाल यांनी १९९४ साली याच्या विरुद्ध बाजू मांडली: वरचा 'काय' खरोखरच विचारतो की तुझं मत काय, आणि खालचा प्रश्न ते मत कोणत्या बाबतीतलं हे सांगतो. मराठीचा कौल मला दयाल यांच्या बाजूने दिसतो. आपण 'तुला काय वाटतं, मामी येईल का?' असंही विचारतो. इथे खाली वर येण्याजोगा 'काय' किंवा 'कोण' मुळी नाहीच, मग जागा कोणासाठी धरली होती? शिवाय 'वाटतं' म्हटल्यावर आपण किंचित थांबतो आणि 'की' गाळतो. हे दोन प्रश्न शेजारी उभे आहेत. स्थानांतर ही चांगली कल्पना आहे म्हणून तिला सगळीकडे ओढत नेऊ नये.

जिथे ती खरोखर लागते, अशी एक जागा मात्र दाखवतो. 'सुनीलने मामीला स्वतःचा फोटो दाखवला.' फोटो कोणाचा? सुनीलचा. 'स्वतःचा' हा शब्द ज्याच्याकडे बोट दाखवतो तो आधी येऊन गेला आहे, सगळं रीतसर आहे. आता 'स्वतःचा फोटो सुनीलने मामीला दाखवला' म्हणा. 'स्वतःचा' ऐकू आला तेव्हा सुनीलचं नावही निघालेलं नव्हतं. तरी फोटो सुनीलचाच. आधी आलेल्या नामाकडे बोट दाखवायचं एवढाच 'स्वतः'चा नियम असता, तर हे वाक्य कोसळलं असतं. ते कोसळत नाही, कारण अर्थ लावताना आपण फोटोला त्याच्या मूळ जागी, सुनीलच्या नंतर, परत नेऊन वाचतो. १९७० च्या दशकात चॉम्स्की म्हणत की हललेलं पद मागे एक खूण ठेवून जातं. १९९० नंतर त्यांनी ते आणखी साधं केलं: पद जातच नाही, त्याची दुसरी प्रत पुढे उमटते आणि मागची प्रत उच्चारली जात नाही. न उच्चारलेली प्रत अर्थाच्या कामाला येते. १९९० साली अनूप महाजन यांनी एमआयटीतल्या प्रबंधात हिंदीच्या साहाय्याने दाखवलं की आपल्या भाषांतला मोकळा क्रम हा नुसता शैलीचा खेळ नाही. जवळची आणि लांबची स्थानांतरं 'अपना' आणि 'उसका' यांच्यावर वेगवेगळा परिणाम करतात. ज्या गोष्टीला रॉस यांनी गाभ्याबाहेर काढलं होतं, ती तेवीस वर्षांनी गाभ्यात आली.

दुसरीकडे, हालचाल नावाची गोष्टच न मानणारेही आहेत. जेराल्ड गॅझडार यांनी १९८१ साली दाखवलं की काहीही न हलवता, 'इथे एक पद कमी आहे' ही माहिती वाक्याच्या थरांमधून वर पोहोचवत नेली तरी तीच वाक्यं निर्माण होतात. जोन ब्रेस्नन आणि रोनाल्ड कॅप्लन यांच्या १९८२ च्या मांडणीत कर्ता, कर्म ही नाती शब्दांच्या जागेपासून वेगळ्या पातळीवर नोंदली जातात; आपल्या कारकविचाराला ती मांडणी जवळची वाटते. पिशवीच्या २४ क्रमांचा उलगडा तिच्यात फार सोपा होतो, हे मान्य करायला हवं. मात्र 'मासे मला विकणारा'ची भिंत या पद्धतीतही वेगळी सांगावी लागते. माहिती वर नेताना ती कोणत्या दारापाशी अडते, हा नियम लिहावाच लागतो. शब्द हलतो म्हणा, माहिती सरकते म्हणा, भिंत दोघांनाही मानावी लागते. या वादात टिकाऊ शोध कोणता, असं विचारलं तर मी भिंतींचाच म्हणेन.

मराठीच्या वाक्यरचनेवर गंभीर काम झालं आहे. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ सालचं, मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचं. राजेश्वरी पंढरीपांडे यांचं विस्तृत वर्णन १९९७ साली आलं, रमेश धोंगडे आणि काशी वाली यांचं २००९ साली. ही दोन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. त्यांतली बहुतेक उदाहरणं प्रमाण मराठीची. कळव्यात मात्र मूळ गावठाणातली आगरी आणि कोळी घरं आहेत, कोकणातून, घाटावरून आणि खानदेशातून येऊन स्थायिक झालेली कुटुंबं आहेत, आणि एकाच चाळीत चार प्रकारची मराठी बोलली जाते. कोणती भिंत सगळ्यांच्या बोलीत आहे आणि कोणती नाही, हे त्यांना विचारूनच ठरेल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. घरातल्या मोठ्यांना आणि शेजाऱ्यांना 'मला मासे विकणारा माणूस भेटला' आणि 'मासे मला विकणारा माणूस भेटला' ही दोन वाक्यं त्यांच्या बोलीत म्हणायला सांगा आणि प्रत्येकाचे किती अर्थ लागतात ते विचारा. व्याकरण शिकवू नका, उत्तर सुचवू नका. मिळालेलं उत्तर, सांगणाऱ्याची बोली आणि मूळ गाव एवढं लिहून ठेवा, आणि शक्य असेल तर कालिन्याला मुंबई विद्यापीठाच्या किंवा पुण्याला डेक्कन कॉलेजच्या भाषाविज्ञान विभागातल्या एखाद्या अभ्यासकाच्या हाती द्या.